ओळखीचा ताप

दान्या,

पाळकसाहेब परवा घरी आले, चहा घेतला आणि चपला घालता घालता म्हणाले, "ताई, मंडळीच्या मासिकासाठी दोन पानं लिहून द्या. दानिएलच्या सेवेबद्दल. जन्म, शिक्षण, आफ्रिकेतलं कार्य, असं." मी म्हटलं, जन्म आणि शिक्षण तुमच्या दफनाच्या पत्रकात छापून झालंय, फोटोसकट. आणि फोटो तरी कसला निवडलात हो, कर्ज नाकारणाऱ्या बँक मॅनेजरसारखा दिसतोय त्यात. मी लिहीन, पण त्यालाच लिहीन. छापायचं तर छापा, नाहीतर माझ्याकडे राहू दे. साहेब मान हलवून जिना उतरले. माझं तोंड त्यांना माहीत आहे.

तर ऐक. तुला जाऊन अजून महिना झाला नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, ताई, दुःख आवरलं का? दुःखाचं काय रे, ते येतं, रडवतं, आणि दूध उतू जायला लागलं की उठून गॅस बंद करू देतं. भीतीचं तसं नाही. मी अजून घाबरलेलीच आहे. सकाळी डोळे उघडले की आधी पोटात गोळा येतो, आणि मग आठवतं की ज्याच्यासाठी गोळा यायचा तो माणूस शिवडीला आईच्या कबरीत झोपलाय. मग हा गोळा आता कुणासाठी? ते सांगायलाच बसलेय.

तू सुनीताला घेऊन युगांडाला गेलास तेव्हा तुमचं लग्न नवीन होतं आणि तुमच्या पोरीचा, रिबूचा, पत्ता नव्हता. मिशनरी संस्थेचं पत्र आलं त्या दिवशी तू परळच्या आपल्या खोलीत नाचलास. मी ड्यूटीवरून आले होते, पाय सुजलेले, आणि तू म्हणालास, "ताई, देवाने बोलावलंय." मी म्हटलं, देवाला परळमध्ये माणसं मिळेनात का? इथे हॉस्पिटलच्या फुटपाथवर गावाहून आलेले पेशंट झोपतात, त्यांच्याकडे बघ की. तू हसलास. तुझं ते हसणं मला कधीच सोसलं नाही. समोरचा पोटतिडकीने बोलतोय आणि हा आपला हसतोय.

तेव्हापासून माझा जीव टांगणीला. वॉर्डात कितीतरी माणसं माझ्या डोळ्यांदेखत गेली, माझा हात कधी थरथरला नाही. पण फोनवर तो लांबलचक परदेशी नंबर दिसला की काळजात धस्स व्हायचं. टीव्हीवर आफ्रिका शब्द ऐकला की मी जेवणावरून उठायचे. एकदा नायजेरियात कुठेतरी स्फोट झाला आणि मी उष्ट्या हातानेच तुला फोन लावला. तू म्हणालास, "अगं ताई, मुंबईपासून काबूल जेवढं लांब आहे ना, त्याच्यापेक्षा लांब आहे ते इथून. काबूलमध्ये काही झालं की मी तुला फोन करतो का?" मी म्हटलं, कर ना, कोण नको म्हणतंय? मग तू खरंच करायला लागलास. काबूल, कराची, काठमांडू, कुठे खुट्ट झालं की तुझा फोन. "ताई, जिवंत आहेस ना?" मेल्या, किती छळलंस. हा शब्द आता तुला म्हणू नये, पण जिभेला कोण सांगणार?

तुझं आणि माझं खरं भांडण मात्र दुसरंच होतं, आणि ते अर्धवट राहिलं. मला वाटायचं तू तिकडे जाऊन काळ्या गरीब मुलांना शिकवतोस, आजाऱ्यांना औषध देतोस, आपल्या रविवारच्या शाळेतल्या चित्रात असायचं तसं. पहिल्या रजेवर आलास तेव्हा कळलं की तुझी मंडळी म्हणजे सगळी बाहेरून आलेली माणसं. निर्वासितांच्या छावण्यांत धान्य वाटणारे, बोअरवेल खणणारे इंजिनियर, फिलिपिन्सच्या दाया, केरळच्या नर्सेस, स्कॉटलंडचा एक मास्तर. तू त्यांचा पाळक, आणि सुनीता त्यांच्यासाठी अतिथीगृह चालवणारी. मी तर भडकलेच. म्हटलं, एवढं आईला रडवून, समुद्र ओलांडून तू गोऱ्या साहेबांना पोहे खायला घालायला गेलास?

तेव्हा तू पहिल्यांदा हसला नाहीस. म्हणालास, "ताई, मदत करायला आलेला माणूस मोडला तर त्याला कोण बघतं? गावच्या माणसाला गाव असतं. यांना कुणी नसतं." मग तू त्या डॉक्टरीणबाईंचं सांगितलंस. छावणीत गोवराची साथ आली, तिच्या हातात मुलं गेली, आणि ती तुमच्या ओट्यावर येऊन नुसती बसायची. बोलायची नाही, जेवायची नाही. तू तिला एक शब्द विचारला नाहीस. भुईमुगाच्या शेंगांचं टोपलं दोघांच्या मध्ये ठेवलंस आणि सोलायला लागलास. तीपण सोलायला लागली. रोज संध्याकाळी. सोलता सोलता कधीतरी ती बोलली. तुझी ती रीतच होती म्हणे, घाबरलेल्या माणसाला प्रश्न विचारायचा नाही, त्याच्या हाताला काम द्यायचं. रविवार सोडून बाकीचे दिवस तू हातपंपवाल्यांबरोबर गावोगाव फिरायचास. पंप बसला की त्याच्या कुलपाची चावी गावातल्या बायकांच्या हाती द्यायची, हा तुझा हट्ट. ते मला आवडलं होतं. पण मी तसं म्हटलं नाही. मी म्हटलं, शेंगा सोलायला युगांडा कशाला, लालबागला भरपूर मिळतात.

प्रत्येक रजेला तू म्हणायचास, "ताई, एकदा ये ना गं. नुसती घाबरतेस काय इथे बसून? येऊन बघ आणि मग घाबर." मी कधी आले नाही. विमान, साप, ताप, सगळ्याची भीती. मला तिथे बोलावण्यापेक्षा तूच परत ये, हे माझं, आणि तू ये, हे तुझं. इतकी वर्षं आपण दोघं त्या एकाच वाक्याची दोन टोकं ओढत बसलो.

यंदा तुम्ही तिघं आलात ते ऑगस्टात. रजा म्हणजे तुझी कसली रजा रे! आज दादरच्या देवळात अहवाल, उद्या गिरगावात, परवा भायखळ्यात. पडद्यावर फोटो दाखवायचे, पंपाची गोष्ट सांगायची. दादरला तू मुद्दाम सापाची गोष्ट सांगितलीस, न्हाणीघरात निघालेल्या हिरव्या सापाची, आणि मागच्या बाकावर बसलेल्या माझ्याकडे बघून डोळा मारलास. सगळी मंडळी हसली. घरी येताना मी तुझ्याशी बोलले नाही.

त्याच आठवड्यात हिंदमाताला पाणी भरलं. तू गिरगावहून येत होतास. टॅक्सीवाल्याने अलीकडेच सोडलं. मी गॅलरीतून बघत होते, आणि बघते तर काय, आमचे रेव्हरंड बूट हातात धरून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्या काळ्या पाण्यातून रमतगमत येतायत. प्रवचनाला घालायचे तेवढेच एक चांगले बूट होते ना तुझे. ते भिजू नयेत म्हणून. मी वरून ओरडले, "अरे डोकं फिरलंय का? पायात घाल काहीतरी!" तू खालून ओरडलास, "ताई, शाळेतून असेच यायचो ना!" शेजारच्या सावंतकाकू पण हसल्या. तू वर आलास, मोरीत पाय धुतलेस, आणि मला दिसल्या तुझ्या टाचा. सगळ्या भेगाळलेल्या, उन्हाळ्यातल्या शेतासारख्या. मी व्हॅसलीनची डबी पुढे केली. तू म्हणालास, राहू दे, तिकडे गेलो की परत तशाच होणार.

नंतर ताप आला. तू अगदी निवांत. बॅगेतून तुझ्या त्या गोळ्या काढल्यास, युगांडाहून आणलेल्या, पाकिटावर आफ्रिकेचं काहीतरी चित्र. मी म्हटलं, आधी रक्त तपास. तू म्हणालास, "ताई, हा माझ्या ओळखीचा ताप आहे. तिकडे सगळ्यांना असाच येतो. आलो तेव्हाच घेऊन आलो असणार अंगात. गोळ्या घेतल्या की तीन दिवसांत उठतो माणूस." सुनीतानेही मान डोलावली. तुमच्या घरात मलेरिया इतक्या वेळा झाला होता की तुम्ही तो सर्दीसारखा धरायचात. तिकडच्या सगळ्या मिशनरी घरांत हेच चालतं म्हणे, ताप आला की गोळी, तपासणी नंतर. आणि तू पाय दुखतायत म्हणालास तर सुनीता म्हणाली, मलेरियात दुखतातच. मी दिवसभर डोक्याशी बसून होते आणि मनात काय चाललं होतं सांगू? मनात म्हणत होते, शेवटी आणलाच आफ्रिकेने माझ्या घरी ताप. इतकी वर्षं जिची भीती वाटली ती बाई दार उघडून आत आली, असं मला वाटलं.

आणि तसं नव्हतंच. तुझे डोळे पिवळे दिसले तेव्हा मी टॅक्सी बोलावली, तू नको नको म्हणत होतास तरी. हॉस्पिटलात तरुण डॉक्टरने तुझ्या पोटरीला नुसतं बोट लावलं, तू ओरडलास. त्याने विचारलं, "काका, पाण्यातून चालला होतात का?" त्याने नाव घ्यायच्या आधीच मला कळलं. लेप्टो. उंदराच्या मुताचा आजार. ज्या वॉर्डात मी आयुष्य काढलं तिथे दर पावसाळ्यात असे पेशंट यायचे. हा तुझा ओळखीचा ताप नव्हता, दान्या. हा माझ्या ओळखीचा होता. परळचा. सगळा जन्म मी दुर्बीण लावून आफ्रिकेकडे बघत बसले आणि तो आपल्याच गल्लीतून, आपल्याच जिन्याने वर आला.

किडन्या बंद पडल्या. डायलिसिस लावलं. डॉक्टरांनी, नर्सेसनी जे करायचं ते सगळं केलं, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. नर्सेसमधल्या दोघी तर माझ्याच हाताखाली शिकलेल्या. म्हणून मला आत बसू दिलं. दुपारची वेळ होती. सुनीता रिबूला खाली काहीतरी खायला घेऊन गेली होती. तू मास्क बाजूला केलास. मला वाटलं पाणी हवंय. तू माझं मनगट धरलंस, लहानपणी जत्रेत धरायचास तसं, नखं रुतेपर्यंत, आणि म्हणालास, "ताई, भीती वाटते गं."

तू. ज्याने मला आयुष्यभर भित्री म्हणून चिडवलं. ज्याच्या प्रवचनात न भिण्याबद्दल एक परिच्छेद ठरलेला असायचा. माझ्या मनात आलं, आता याला काय सांगू? वचनं तुलाच सगळी पाठ. प्रार्थना तुलाच येते. मला येते ती फक्त भीती, तिच्यातच माझा हातखंडा. म्हणून मी म्हटलं, "मलापण वाटते रे. मला तर नेहमीच वाटते. धर घट्ट." तू माझ्याकडे बघितलंस, आणि तुझी बोटं थोडी सैल झाली. मग तुला झोप लागली. त्यानंतर तू नीट असा बोललाच नाहीस.

हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. सुनीतालासुद्धा नाही. स्मरणाच्या उपासनेला बाहेरून एक मोठे पाहुणे आले होते, त्यांनी मागे पडद्यावर अक्षरं लावली होती, "निर्भय सेवक". ते बोलले, दानिएल वादळात, रोगराईत, बंदुकांच्या छायेत कधीही घाबरला नाही, मरणाच्या दारातही नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पहिल्या बाकावर बसले होते. मला उठून ओरडावंसं वाटलं, खोटं आहे हे, घाबरला होता माझा भाऊ, माझ्या मनगटावर अजून वण आहे! पण मी गप्प बसले. वाटलं, तुझी लाज जाईल. मी शेजारी बघितलं तर रिबू ताठ बसलेली, दात ओठात रुतवून.

आता रिबूचं सांगते. तुझी ही पोर पंधरा वर्षांची, पंपाच्या पाण्यात खेळत वाढलेली, चिखलात अनवाणी धावणारी. दफनाच्या दुसऱ्या दिवसापासून ती घरात गमबूट घालून फिरते. खोलीत, गॅलरीत, संडासला जाताना. मोरीची फरशी ओली दिसली की दारातच थांबते. कोरडी केली की मग आत पाय टाकते, आणि आंघोळ झाली की डेटॉलने पाय पुसत बसते, पुसत बसते, घोटे लाल होईपर्यंत. नळाला पाणी आलं की चाळभर बादल्या खणखणतात, तशी ही कॉटवर पाय वर घेऊन बसते. दफनानंतर ती शिवडीला एकदाही आली नाही. तिथली वाट चिखलाची आहे ना. भीतीशी भांडून काही होत नाही, हे माझ्याएवढं कोणाला ठाऊक?

तेवढ्यात संस्थेचा निरोप आला. सुनीताने परत यावं, अतिथीगृह सांभाळावं, तिथली माणसं वाट बघतायत. नाही जमलं तर हरकत नाही, पण लवकर कळवा. सुनीता म्हणाली, "ताई, मी जाईन. मला इथे काही सुचणार नाही. पण रिबूचं तुम्ही म्हणाल तसं करू." आणि माझ्या जिवाला जरा उभारी आली. तुला सोडलं ते सोडलं, पोरीला सोडणार नाही. मी दादरच्या शाळेत जाऊन आले. मुख्याध्यापिकाबाईंना भेटले, त्या कनवाळू निघाल्या, वर्षाच्या मध्येच घेते म्हणाल्या. मी युनिफॉर्मचं कापडसुद्धा घेऊन आले. निळं. तिच्या अंगाला लावून बघितलं तर ती पुतळ्यासारखी उभी. मी आपली बडबडतेय, इथे माणसं आहेत, डॉक्टर आहेत, मी आहे, आणि तिकडे काय आहे? साप आणि मलेरिया!

तिने कापड माझ्या हातात दिलं. आत गेली. थोड्या वेळाने सुनीता शेंगांची पिशवी घेऊन आली, रिबूला बाहेर बोलावून आम्हा दोघींच्या मध्ये ताट ठेवलं, आणि स्वतः गॅलरीत सावंतकाकूंशी बोलायला निघून गेली. तुझीच शिष्या. मला राग आला, म्हटलं ही माझ्यावर प्रयोग करतेय. पण हात आपले चालायला लागले. रिबूचेही. ताटात टरफलांचा ढीग झाला.

मग ती म्हणाली, "आत्या, मला इथे नको ठेवू. इथे बाबा मेला."

मी शेंग हातात धरून बसले.

"तू म्हणतेस तिकडे भीती आहे. तिकडे काही नाही झालं आम्हाला. इथे झालं. इथलं पाणी, इथला रस्ता. मला ह्या घराची पण भीती वाटते. खाली उतरायची भीती वाटते." तिचं मराठी देवळातलं आणि युगांडाचं मिळून झालेलं, एकेक शब्द सुटा सुटा येतो. "आणि मला त्याची लाज वाटते. बाबा कधीच घाबरला नाही. सगळे म्हणाले. मी त्याची मुलगी आहे आणि मी मोरीत पाय टाकू शकत नाही."

अरे देवा, असं झालं मला. त्या पाहुण्यांनी पडद्यावर जे लावलं होतं ते या पोरीच्या छातीवर धोंड्यासारखं बसलं होतं. तुझी लाज राखायला मी गप्प बसले आणि इकडे ही लाजेने खंगतेय. मी ताट बाजूला केलं आणि सांगितलं. सगळं. मास्क, मनगट, तू काय म्हणालास ते, जसंच्या तसं. मनगटावरचा वणपण दाखवला, आता फिकट झालाय पण आहे. दान्या, तुला विचारायला हवं होतं, पण तू कुठे होतास विचारायला?

तिने माझ्याकडे संशयाने बघितलं. "खरं सांगतेस? की माझ्यासाठी बनवून?"

"बनवून सांगायला मी काय प्रवचन करते का? नर्स आहे मी. पेशंटने जे म्हटलं ते सांगितलं."

"मग तू काय केलंस?"

"म्हटलं, मलापण वाटते. धर घट्ट."

"मग?"

"मग झोपला."

ती वणाकडे बघत राहिली. मग तिने त्याच्यावर बोट ठेवलं आणि तिचा बांध फुटला. दफनाला रडली नव्हती, उपासनेला रडली नव्हती. मीही रडले. गॅलरीत सुनीताने वळून बघितलं पण आत आली नाही. तिला मी नंतर सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मला वाटलंच होतं. मला तो सांगणार नाही, तुम्हालाच सांगेल."

रडून झाल्यावर रिबूने नाक पुसलं आणि म्हणाली, "आत्या, तू आमच्याकडे कधी आली नाहीस ना, भीती वाटते म्हणून?"

"हो."

"मग मीपण तशीच होणार. आता गेले की मी मुंबईला कधी येणार नाही. शिवडीला येणार नाही. बाबा एकटा राहील. तू चल ना माझ्याबरोबर. तू तिकडे राहून बघ. मग मी इकडे यायला शिकेन."

मी म्हटलं, वेडी आहेस का? या वयात? पासपोर्ट काढलाय तो नुसता तुझ्या बाबाच्या हट्टाने, कपाटात पडलाय. खोली कोण बघेल? शिवडीला कोण जाईल? नळाचं पाणी कोण भरेल? सबबींची माझ्याकडे कधी वाण नव्हती. दारात सावंतकाकू उभ्या होत्या, कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. त्यांचा मुलगा दुबईला, त्यांना या गोष्टी न सांगता कळतात. म्हणाल्या, "गो बाय, चेडवाक एकट्याक धाडू नको. तू जा वांगडा. चावी माझ्याकडे दी. शिवडीक मी जातलंय, मेणबत्ती लावतलंय. माका काय मेणबत्ती लावूक येना नाय?" मी म्हटलं, काकू, तुमचे गुडघे. त्या म्हणाल्या, "गुडघ्यांचा मी बघतंय, तू तुझ्या काळजाचा बघ."

ते निळं कापड मी शाळेला परत देऊन आले नाही. सावंतकाकूंच्या नातीला होईल.

काल पिवळ्या तापाची लस घ्यायला गेलो. त्याशिवाय तिकडे जाता येत नाही. हजारो माणसांना सुया टोचल्या मी, आणि स्वतःच्या दंडावर स्पिरिटचा बोळा फिरला तशी पाचावर धारण बसली. डोळे मिटले. रिबू शेजारी उभी, पायात गमबूट, आणि बाहेर पाऊस पडून सगळा जिना ओला. ती तो ओला जिना चढून आली होती, कठडा धरून, एकेक पायरी. मी काही बोलले नाही. तिनेही माझ्या मिटलेल्या डोळ्यांबद्दल काही म्हटलं नाही. टेबलामागच्या डॉक्टरबाईंनी कार्ड भरता भरता सहज विचारलं, "पहिल्यांदाच चाललाय? तिकडे कोण असतं तुमचं?"

"भाऊ," मी म्हणाले.

त्यांनी शिक्का मारला. रिबूने माझ्याकडे बघितलं आणि माझी पर्स स्वतःच्या खांद्याला लावली.

तर दान्या, लसीचे दहा दिवस भरले की शनिवारी निघतोय आम्ही तिघी. मी तिकडे राहणार की परत येणार, ठाऊक नाही. सापाचं मी बघून घेईन. विमानाची भीती वाटते, पण ती सोसेन. खरी भीती वेगळीच आहे. इतकी वर्षं बोलावलंस त्या घराच्या दारात मी उभी राहीन, सुनीता कुलूप काढेल, दार उघडेल, आणि आतून कुणी "आलीस एकदाची, ताई?" असं म्हणणार नाही. त्या एका घटकेला मी घाबरतेय, दुसऱ्या कशालाच नाही. काल रस्त्यात रिबूला तसं सांगून टाकलं. तिने माझा हात धरला, लस टोचलेला, दुखणारा, आणि म्हणाली, "मीपण."